वरच्या बाकावरचा चिमटा

“गाडीचा चिमटा काढायचा, साफ करायचा, परत बसवायचा. दोन तासांचं काम! त्यात काय एवढं?” कालेर्वो छाती पुढे काढून म्हणाला. ऐकायला फक्त कॉफीचं यंत्र होतं. त्याने फुर्र करून शेवटचा थेंब सोडला, आणि कालेर्वोने तो होकार समजून घेतला.

कालेर्वोचं वय सदुसष्ट. वार्काउस गावात तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं ही त्याची श्रद्धा होती, आणि ती खोटी ठरवायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. बायको राइली सहा वर्षांपूर्वी वारली. एकोणतीस वर्षं ती मोटारसायकलवर त्याच्या मागे बसली. ती गेल्यावर गाडी मागून इतकी हलकी लागायला लागली, की शेवटी त्याने निसरड्या पायऱ्यांवर टाकायच्या वाळूची एक पिशवी मागच्या सीटला दोन पट्ट्यांनी बांधली. वजन जमलं. पण वाळूची पिशवी वळणावर पाठीत बुक्की मारत नाही.

तर चिमटा. मोटारसायकलचं मागचं चाक ज्या लोखंडी दुबेळक्यात धरलेलं असतं, तो हा चिमटा. त्याच्या मुळाशी एक दांडा आरपार जातो, आजूबाजूला बुश नावाच्या धातूच्या आखूड नळ्या असतात, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना नाण्याएवढी दोन रबरी टोपणं. पाणी, चिखल, रस्त्यावरचं मीठ आत जाऊ नये एवढंच त्यांचं काम. राइली वारली त्या वर्षी ती टोपणं कुठेतरी पडली. कालेर्वोला ते दिसलं होतं, पण त्या वर्षी त्याचं कशातच लक्ष नव्हतं. पुढे तो म्हणायला लागला, “टोपी नाही म्हणून काय गाडी सर्दीने मरते?”

गाडी मेली नाही, पण झिंगायला लागली. पुढचं चाक वळलं की मागचं थोडा विचार करून मग वळायचं. कालेर्वोने तेही चालवून घेतलं असतं. पण यंदा त्याने एक भलतंच धाडस केलं होतं. जिन्याखालच्या फळ्यावर त्याने कागद लावला: ‘एक मे रोजी मोटारसायकलवर मागची जागा रिकामी आहे. तळ्याकाठी कॉफी आणि डोनट माझ्याकडून. हेल्मेट आपापलं आणावं. कालेर्वो, तिसरा मजला.’ खाली कात्रीने कापलेल्या दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर त्याचा फोन नंबर.

पहिली चिठ्ठी कोणीच फाडत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून गर्दी जमल्यासारखी दिसावी यासाठी पहिली त्याने स्वतःच फाडली. तीन आठवडे नऊ चिठ्ठ्या लोंबकळत राहिल्या. रोज कचरा टाकायला जाताना तो मोजायचा. कचरा नसला तरी जायचा. आणि एका सोमवारी सकाळी आठ! त्याने तीनदा मोजल्या. आठच!

त्या दिवसापासून फोन त्याने हातातून सोडला नाही. आंघोळीला घेऊन गेला, झोपताना उशाशी ठेवला. फोन काही वाजला नाही. पण या इमारतीत कुणाच्या तरी खिशात आपला नंबर आहे, या कल्पनेनेच त्याला दोन घास जास्त जायला लागले.

आणि मग त्याला चिमट्याची धास्ती बसली. वाळूची पिशवी रस्त्यावर सांडली असती तर झाडून घेता आली असती. माणसाचं तसं नाही. सहा वर्षांनी कोणीतरी मागे बसणार, आणि त्याला वळणावर पाडायचं? एक मे शनिवारी होता. हातात होते पाच दिवस.

मंगळवारी त्याने तळघरात गाडी उघडली. दांडा गंजून असा बसला होता की जणू त्याला तिथेच पेन्शन मिळत होती. कालेर्वोने हातोडा उचलला. ठण्! ठण्! पाचही मजले दुमदुमले. दहाव्या घावाला इर्मेलीबाई खाली आल्या. या इमारतीच्या मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या नोटिसा फळ्यावर इतक्या असतात, की कालेर्वोचा कागद लावायला जागा मिळाली हेच नवल.

“कालेर्वो, चर्चची घंटा बसवताय का?”

“किरकोळ दुरुस्ती आहे, इर्मेलीबाई.”

“मग किरकोळ आवाजात करा! नियम क्रमांक सहा!”

दांडा निघाला. नवे बुश, नवा दांडा, नवी टोपणं कालेर्वोने कधीतरी करू म्हणून मागेच मागवून ठेवली होती. आणि आता नवे बुश आत जाईनात! पुस्तकात लिहिलं होतं: चिमटा शंभर अंशांच्या आसपास तापवावा, बुश फ्रीझरमध्ये गोठवावेत, मग ते अलगद सरकतात. कालेर्वोने चिमटा ओव्हनमध्ये घालून पाहिला. अर्धा आत, अर्धा बाहेर, दार उघडं. चिमटा थंडच राहिला, कालेर्वो मात्र भाजून निघाला.

रात्रभर विचार केल्यावर बुधवारी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या इमारतीत दर आठवड्याला शंभर अंशांपर्यंत काय तापतं? सौना! तळमजल्यावरचा सगळ्यांचा सौना, लाकडी बाकांवर बसून घाम काढायची ती गरम खोली, आणि गुरुवारी सहा ते सात कालेर्वोची पाळी! ही पाळी राइलीने मिळवलेली. पूर्वी दोघं तासभर बसायची. हल्ली तो दहा मिनिटांत उठायचा आणि उरलेली पन्नास मिनिटं चूल रिकाम्या बाकांना तापवत बसायची.

गुरुवारी सहाला पाच कमी असताना त्याने चिमटा मोठ्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला आणि लिफ्ट बोलावली. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर तोइमी चढला. सत्तरी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा, नाकावर चष्मा. सौनात कालेर्वोच्या नंतरची, सात ते आठची पाळी त्याची. अकरा वर्षांची ओळख, म्हणजे मान हलवण्याची. आजही त्याने मान हलवली. कालेर्वोने हलवली. टॉवेलातून दोन लोखंडी तंगड्या बाहेर आल्या होत्या. तोइमीने त्या पाहिल्या, मग लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं, आणि तळमजल्यावर पत्रं घ्यायला निघून गेला.

कालेर्वोने चिमटा वरच्या बाकावर भिंतीला टेकवून उभा केला. लाकूड जळू नये म्हणून टॉवेल तसाच ठेवला. वरच्या टोकाची ऊब टिकावी म्हणून त्यावर स्वतःची सौनातली लोकरी टोपी चढवली. आणि वाफ आत शिरू नये म्हणून नवी रबरी टोपणंही आधीच दाबून बसवली. याला तो दूरदृष्टी म्हणाला. दारातून वळून पाहिलं तर अंधुक उजेडात कोणीतरी किडमिडीत गृहस्थ गुडघे पुढे करून बसल्यासारखा दिसत होता.

“बसा निवांत,” कालेर्वो त्याला म्हणाला आणि बुश आणायला वर गेला.

तिथे घोटाळा झाला. फ्रीझरच्या भिंतीला बर्फ इतका धरला होता की बुश त्यात रुतून बसले होते. त्याने चमचा घातला, चमचा वाकला. केस वाळवायचं यंत्र आणलं, प्लगही लावला, आणि मग आठवलं की बुश गारच राहायला हवेत. शेवटी सुरी घातली तर बर्फाऐवजी लिंगनबेरीची पिशवी फाटली. लाल बेऱ्या टपटप सगळ्या स्वयंपाकघरभर! बुश लोकरी हातमोज्यात टाकून तो खाली धावला तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती.

कपडे बदलायच्या खोलीत तोइमीची पँट खुंटीला होती. बाकावर त्याचा चष्मा घडी घालून ठेवलेला. आणि सौनाच्या बंद दारामागून आवाज येत होता.

“बसा, उठू नका,” तोइमी आत म्हणत होता. “पाळी माझी सुरू झाली, पण असू दे. दोघांना जागा आहे.”

कालेर्वो जागच्या जागी थिजला. चष्म्याशिवाय म्हातारा आत बसलाय, आणि चिमट्याला कालेर्वो समजतोय! आणि यात नवल ते काय? आमच्याकडे सौनात कोणी बोलत नसेल तर ती सभ्यता समजतात. नमस्काराला उत्तर आलं नाही म्हणून कोणी वाईट वाटून घेत नाही.

“तुम्ही बोलत नाही ते बरंय,” तोइमी म्हणाला. “बोलणाऱ्यांपुढे मला बोलता येत नाही.” आतून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग: “ती चिठ्ठी मी फाडली.”

कालेर्वोने कान दाराला लावला.

“सात वेळा फोन घेतला हातात. शेवटचा आकडा तेवढा दाबवत नाही. म्हणायचं काय? मी दुसऱ्या मजल्यावरचा, मान हलवतो तो? मी मोटारसायकलवर कधी बसलोच नाही. आई नको म्हणायची. आई जाऊन बावीस वर्षं झाली. आता नको म्हणणारं पण कोणी राहिलं नाही, तरी नाही बसलो.” लाकूड करकरलं. “सकाळी तुम्ही जिना उतरता ना, तेव्हा मी दाराआड उभा असतो. म्हणतो, आज बाहेर पडावं, चार शब्द बोलावेत. पावलं खाली गेली की कडी लावून घेतो.”

ती कडी! रोज दुसऱ्या मजल्यावर मागे खट् व्हायची. कालेर्वोला वाटायचं, कोणीतरी आपल्याला टाळतंय. आत जावं आणि म्हणावं, मी पण कचरा नसताना कचरा टाकायला जातो हो! पण आत गेलो तर बाकावर कोण बसलंय ते म्हाताऱ्याला कळणार, आणि मग हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. तो उभाच राहिला. हातमोज्यातून पाणी ठिबकायला लागलं.

आणि तेवढ्यात वास आला. रबराचा! टोपणं!

कपड्यांच्या खोलीच्या बाहेरच्या दारावर धडाधड थापा पडल्या. कालेर्वोने बोटभर दार उघडलं. बाहेर इर्मेलीबाई, हातात आग विझवायचं लाल नळकांडं.

“सौनाच्या चुलीवर सॉसेज भाजायला बंदी आहे! नियम क्रमांक नऊ!”

“हळू बोला,” कालेर्वो कुजबुजला.

“असला वास कुठल्या सॉसेजचा?”

“सवलतीत मिळालं होतं.”

“आणि तुम्ही कुजबुजताय कशाला?”

“आत तोइमी बोलतोय.”

“तोइमी? बोलतोय?” बाईंचे डोळे विस्फारले. अकरा वर्षांत त्यांनी त्याच्या तोंडून एकदाच ‘आभारी आहे’ ऐकलं होतं, तेही छपरावरचा बर्फ त्याच्यावर पडता पडता त्यांनी त्याला ओढलं तेव्हा. “कोणाशी?”

“माझ्याशी.”

“तुम्ही तर इथे आहात!”

“मी जरा बाहेर आलोय.”

बाईंनी कान दिला. आतून आवाज आला, “तुम्हाला फार गरम होतंय का? थांबा, पाणी टाकतो.” चर्रर्र झालं. वास थोडा कमी झाला. इर्मेलीबाईंनी कालेर्वोकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि हळूच कपड्यांच्या खोलीत येऊन नळकांडं मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. “येऊ दे वास,” त्या पुटपुटल्या.

“तर असं,” तोइमी आत म्हणाला. “तुमची हरकत नसेल तर काही बोलू नका. नको असेन तर सांगा. मला वाईट नाही वाटणार. म्हणजे वाटेल, पण त्याची सवय आहे.”

कोणी बोललं नाही. कालेर्वो बोलला नाही, इर्मेलीबाई बोलल्या नाहीत, चिमट्याचा तर प्रश्नच नव्हता.

“बरं,” तोइमी म्हणाला. “मग शनिवारी दहाला.”

आणि सौनाच्या दाराची मूठ फिरली! कालेर्वोने कोपऱ्यातल्या शॉवरच्या पडद्यामागे उडी घेतली. इर्मेलीबाईंना बाहेर पळायला वेळच मिळाला नाही, त्या नळकांड्यासकट त्याच्यामागे आल्या. एवढ्याशा जागेत दोन माणसं आणि एक अग्निशामक! कालेर्वोचं कोपर नळाला लागलं आणि वरून बर्फासारखं पाणी कोसळलं. दोघांनी दातांवर दात आवळले. इर्मेलीबाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ आठवडाभर राहिला. पण हूं की चूं नाही.

तोइमीने सावकाश अंग पुसलं, सावकाश पँट चढवली. जाता जाता पडद्याच्या कडेतून त्याचा हात आत आला, न चाचपडता नळावर गेला आणि नळ बंद करून परत गेला. “पाणी वाया जातंय,” तो स्वतःशी म्हणाला. आणि चक्क शीळ घालत निघून गेला.

“उद्या नोटीस लावणार आहे,” थरथरत इर्मेलीबाई म्हणाल्या. पण ती त्यांनी काही लावली नाही. उलट कोमट झालेले बुश आपल्या मोठ्या फ्रीझरमध्ये पाइक माशांच्या मध्ये पुन्हा गोठवले, आणि सौनाची चूल आणखी तासभर चालू ठेवायची परवानगी दिली. नऊ वाजता बुश टक् करून बसले. फक्त टोपणं गेली. रबराचा काळा गोळा उरला होता, आणि नवी यायला दहा दिवस लागणार होते.

शनिवारी आकाश राखाडी, हवेत चार अंश, रस्त्यावर एक मेच्या सणाचे फुगे आणि सणाच्या पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं. कालेर्वोने वाळूची पिशवी सोडली, दांड्याच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि पावणेदहालाच गाडी दारात आणली. तोइमी आधीपासून उभा होता. डोक्यावर स्कीइंगचं जुनं हेल्मेट, गळ्यात आईने विणला असावा असा मफलर.

त्याने मान हलवली. कालेर्वोने हलवली. निघाले!

मागचं चाक आता विचार न करता वळत होतं. विचार तोइमी करत होता. गाडी डावीकडे झुकली की तो सरळ राहायचा, आणि गाडी सरळ झाली की मनापासून डावीकडे झुकायचा. वाळूची पिशवी या बाबतीत फार शहाणी होती. दोनदा ते खड्ड्यात जाता जाता वाचले. पण कालेर्वोच्या कोटाला मागून दोन हातांनी घट्ट धरलं होतं, आणि त्या पकडीने त्याला इतकं बरं वाटत होतं की तो तीस किलोमीटरच्या रस्त्याऐवजी पंचेचाळीस फिरून गेला.

तळ्याकाठी कॉफी आली, साखरेत लोळवलेले डोनट आले. दोघं पाण्याकडे तोंड करून बसले. तळ्यात अजून बर्फाचे तुकडे होते. डोनट अर्धे झाले. मग तोइमीने खिशात हात घातला आणि टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. पितळेची दोन टोपणं. नाण्याएवढी, घोटून चकचकीत केलेली, आत रबराची कडी बसवलेली.

“हे काय?” कालेर्वोने विचारलं.

“चिमट्याची. जळली ना तुमची. काल कारखान्यात जुन्या पोरांकडे जाऊन कातली. अडतीस वर्षं लेथ मशीनवर होतो मी.”

कालेर्वोच्या हातातला डोनट कॉफीत पडला. “माप कुठून घेतलंत?”

“अंगठ्याने. सौनात शेजारीच तर बसलो होतो. रबर धुमसायला लागलं म्हणून पाणी टाकलं.”

“म्हणजे तुम्हाला दिसत होतं? पण चष्मा तर बाहेर...”

“तो वाचायचा आहे. लांबचं लख्ख दिसतं मला.” तोइमीने कॉफीचा घोट घेतला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. “तुम्ही बाहेर आल्याचं पण कळलं. हातमोजा ठिबकत होता. माणसाच्या तोंडावर असलं काही बोलता येत नाही हो. लोखंडाला सांगितलं. तुम्ही ऐकाल म्हणून जरा मोठ्याने सांगितलं.”

कालेर्वो उठून गाडीपाशी गेला. हसू येत होतं आणि डोळ्यांतही पाणी येत होतं, म्हणून त्याने खाली वाकून टोपणं बसवली. टक्, टक्. एक थेंबही आत जाणार नाही अशी बसली. आता दांडा नवा, बुश नवे, ग्रीस नवं, टोपणं पितळेची. या गाडीला पुढची वीस वर्षं हात लावायची गरज नव्हती. गुरुवारी सौनात न्यायलाही आता काही उरलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

तोइमीच्याही ते लक्षात आलं असावं. तो तळ्याकडे बघत म्हणाला, “पुढच्या गुरुवारी काही तापवायचंय का?”

“हो,” कालेर्वो घाईघाईने म्हणाला. “पुढच्या चाकाचा चिमटा.”

“पुढच्यात तेल असतं. तापवण्यासारखं काही नसतं.”

“असतं.”

तोइमीने बशीतली साखर बोटाने टिपली. “असेल,” तो म्हणाला.

आणि बुधवारी सकाळी, गाड्यांमधलं सगळं कळणारा कालेर्वो हातोडा घेऊन तळघरात उतरला आणि अगदी नीट चालणारी गाडी उघडायला बसला.